सुट्टी सोमवारसाठी नसते

१९१५ साली, पहिल्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये तोफगोळे कमी पडू लागले. कारखाने रात्रंदिवस चालू लागले, रविवारची सुट्टी गेली, कामाचा आठवडा सत्तर तासांवर जाऊन पोहोचला. आघाडीवर माणसं मरत असताना कारखान्यात विश्रांती मागायला कुणाची जीभ उचलली नसेल. तरीही त्याच सरकारने दारूगोळा कामगारांच्या आरोग्याची पाहणी करायला एक समिती नेमली, आणि त्या समितीने पहिल्याच टिपणात सांगितलं, की रविवारचं काम बंद करा. सातही दिवस राबवून माल वाढत नाही, असं तिचं निरीक्षण होतं. पुढे जवळपास शंभर वर्षांनी, २०१४ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कव्हेल यांनी त्या समितीच्या तपासनिसांनी गोळा केलेले आकडे पुन्हा काढून तपासले. त्यांतले बरेचसे आकडे स्त्री कामगारांचे आहेत. आठवड्याला साधारण पन्नास तासांपर्यंत माल तासांच्या प्रमाणात वाढत होता. त्यापुढे प्रत्येक जादा तासाची भर कमी कमी होत गेली. सत्तर तास काम करणाऱ्यांच्या आणि छप्पन्न तास काम करणाऱ्यांच्या उत्पादनात फारसा फरक उरला नव्हता. वरचे चौदा तास त्या बायका यंत्रापुढे उभ्या होत्या, थकत होत्या, आणि त्यातून जवळपास काहीच निघत नव्हतं.

विश्रांतीची बाजू मांडणारे लोक हा पुरावा आवर्जून देतात. पुरावा पक्का आहे, म्हणून मीही आधी तोच दिला. पण आपण इथेच थांबलो तर मोठी चूक होईल, असं मला मनापासून वाटतं. शनिवार-रविवार हवा कशासाठी, तर सोमवारी जोमाने काम करता यावं म्हणून, असं एकदा मान्य केलं की सुट्टीसुद्धा मालकाच्या हिशेबात जमा होते. मग ती किती असावी, कशी घालवावी, तिच्यात काय करणं ‘योग्य’, हे सगळं कामाच्या सोयीने ठरू लागतं. शिवाय जो माणूस काही उत्पादनच करत नाही, म्हातारा आहे, आजारी आहे, घर सांभाळतो आहे, त्याला या युक्तिवादात जागाच उरत नाही. आठवड्यातले एक-दोन दिवस माणसाचे स्वतःचे असावेत, आणि त्यासाठी त्याने त्यांची उपयुक्तता सिद्ध करायची गरज नसावी, हे माझं म्हणणं आहे. आणि हे दिवस एकेकट्याने राखता येत नाहीत. ते सगळ्यांनी मिळून राखावे लागतात.

जुन्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळलं होतं. ज्यूंच्या धर्मग्रंथांतली शब्बाथची, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा नीट वाचली तर त्या दिवशी काम कुणी करायचं नाही, याची यादी सापडते. तिच्यात घरधनी आहे, मुलं आहेत, चाकर आणि दासी आहेत, परका पाहुणा आहे आणि गुरंढोरंही आहेत. आपण विसावायचं आणि नोकराला कामाला जुंपायचं, ही पळवाट तिथे आधीच बुजवलेली आहे. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३२१ साली रविवारी न्यायालयं आणि शहरातले कारागीर बंद ठेवण्याचा हुकूम काढला तेव्हा शेतकऱ्यांना मात्र सवलत ठेवली, कारण पेरणीची वेळ साधायला हवी. म्हणजे अपवादाचा प्रश्नसुद्धा सतराशे वर्षं जुना आहे.

आपल्याकडची गोष्ट तर फार जवळची आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं आणि हक्काची अशी साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यातली पहिली मागणी दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी ही होती. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, ही दुसरी. पगार वेळेवर मिळावा हे त्याच्याही नंतर आलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या घरात पैशाची चणचण कायमची होती, त्या माणसांनी सगळ्यात आधी दिवस मागितला. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मागणी मान्य केली. आज रविवारी उशिरा उठणाऱ्या कितीजणांना ही तारीख ठाऊक असेल, सांगता येत नाही, पण शाळेच्या पुस्तकात तिला चार ओळी तरी मिळायला हव्यात.

पुढे हा हक्क जगाने कागदावर घेतला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ साली उद्योगांसाठी करार केला, की दर सात दिवसांत सलग चोवीस तास विश्रांती मिळालीच पाहिजे. त्यात ‘सलग’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. आणखी एक अपेक्षा त्या करारात आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: शक्य असेल तिथे ही सुट्टी कारखान्यातल्या सगळ्यांना एकाच वेळी द्यावी.

एकाच वेळी का? याचं उत्तर सोव्हिएत रशियाने स्वतःवर प्रयोग करून दिलं. १९२९ साली तिथे यंत्रं कधीच थांबू नयेत म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला गेला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी ठेवली. कागदावर पाहिलं तर हे कामगारांच्या फायद्याचं होतं, कारण सातव्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशीच सुट्टी मिळत होती. पण नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा हिरवा असला की दोघं एकाच दिवशी घरी नसायची. मुलांची शाळा तिसऱ्याच दिवशी बंद. मित्र भेटायचे नाहीत, सभा भरायच्या नाहीत, कुटुंब एकत्र जेवायचं नाही. सुट्ट्या वाढल्या आणि सुट्टीत करण्यासारखं मात्र काही उरलं नाही. लोक कुरकुरू लागले, यंत्रांनाही देखभालीला उसंत मिळेना. १९३१ मध्ये सरकारने सगळ्यांना एकच सुट्टी असणारा सहा दिवसांचा आठवडा आणला, आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आले. त्याआधी फ्रेंच राज्यक्रांतीनेही दहा दिवसांचा आठवडा करून पाहिला होता. दहातून एक दिवस सुट्टी लोकांच्या अंगवळणी पडली नाही, आणि १८०६च्या आरंभी ते पंचांग रद्द झालं.

रशियाच्या या प्रयोगाबद्दल वाचताना मला आजची पुष्कळ घरं दिसतात. एकाची सुट्टी मंगळवारी, दुसऱ्याची रविवारी, तिसरा घरी बसून काम करतो म्हणजे त्याला धड सुट्टीही नाही आणि धड कामही नाही. मुलांचे शनिवार-रविवार शिकवण्यांनी भरलेले. १९८९च्या बालहक्क करारात विश्रांती, खेळ आणि मोकळा वेळ हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलेला आहे, हे पालकांना कुणी सांगत नाही. मोकळा वेळ एकेकट्याकडे थोडाफार असतोही, पण तो एकमेकांशी जुळत नाही. आणि माणसाच्या मनाचा थकवा मोठ्या प्रमाणात दुसऱ्या माणसांच्या सहवासातच उतरतो. कुणाशी तरी निवांत, विषयाशिवाय, घड्याळाकडे न बघता बोलण्याने उतरतो. त्यासाठी समोरच्यालाही त्याच वेळी सवड लागते.

आता मनाच्या विश्रांतीबद्दल. या विषयाचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ साबीने सोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ साली एक मांडणी केली. कामाचा शीण कशाने जातो, तर चार अनुभवांनी: मन कामातून सुटणं, शरीर-मन सैलावणं, कामाबाहेरचं काहीतरी शिकून जमवणं, आणि आपल्या वेळेवर आपली सत्ता असणं. यातलं पहिलं मला सगळ्यात मूलभूत वाटतं. माणूस ऑफिसमधून घरी येतो, पण मन तिथेच राहतं. बैठकीत कोण काय म्हणालं, सोमवारी काय उत्तर द्यायचं, हे डोक्यात घोळत राहिलं तर पलंगावर आठ तास पडूनही माणूस कामावरच असतो. शेवटचा मुद्दाही तितकाच खरा. तेच बागकाम स्वतःहून केलं तर मन ताजं होतं, आणि कुणीतरी लादलं तर ती बिगारी होते.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल थोडं. विश्रांती म्हणजे निव्वळ पडून राहणं, ही समजूत अपुरी आहे. पोहायला शिकणारा, तबल्यावर एखादा बोल बसवणारा, रविवारी दोन तास सुतारकाम करणारा माणूस दमतो, पण त्या दमण्यात एक समाधान असतं. मात्र हा मुद्दा उलटा वळवून आता एक नवाच जाच सुरू झाला आहे, आणि त्याची मला काळजी वाटते. शनिवार-रविवार ‘कारणी लावला’ पाहिजे, कुठेतरी गेलं पाहिजे, त्याचे फोटो आले पाहिजेत, एखादा कोर्स पुरा झाला पाहिजे. सुट्टीचंही उद्दिष्टपत्रक तयार होतं आणि रविवारी संध्याकाळी माणूस स्वतःला गुण देत बसतो. ज्याला एखाद्या रविवारी खिडकीशी बसून काहीच करायचं नाही, त्याला ते बिनदिक्कत करता आलं पाहिजे. मेंदू तेव्हाही रिकामा नसतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा घेतो, आणि आपण काहीच करत नसतानाही त्याची ही मागणी फारशी कमी होत नाही. आठवणी, पुढचे बेत, माणसांबद्दलचे विचार यांची उलटसुलट त्या वेळी चाललेली असते.

मन कामातून सुटायला हवं, हे सांगणं सोपं आहे. खिशातला फोन ते होऊ देत नाही. शनिवारी रात्री वरिष्ठांचा मेसेज येतो, ‘घाई नाही, सोमवारी पाहिलं तरी चालेल’. पाठवणाऱ्याच्या डोक्यावरचा भार उतरतो आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावर चढतो. मेसेज आला नाही तरी तो येईल, या अपेक्षेने मन अर्धं जागं राहतं. या बाबतीत ‘फोन बंद ठेवा’ असा सल्ला देणाऱ्यांना मी विचारीन, की बढती ज्याच्या हातात आहे त्या माणसाचा फोन न घेण्याची मुभा किती जणांना आहे? सोनेनटाग यांनीच पुढे २०१८ मध्ये एक कडवट विसंगती दाखवून दिली. ज्यांच्या कामात ताण सर्वाधिक, म्हणजे ज्यांना विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यांनाच मन सोडवणं, नीट झोपणं, व्यायाम करणं सर्वात कमी जमतं. त्यांच्या इच्छाशक्तीला बोल लावून काय उपयोग?

म्हणून हा प्रश्न कायद्याचा आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणं बंधनकारक केलं. पोर्तुगालने २०२१ मध्ये जबाबदारी थेट मालकावर टाकली, की अपवादात्मक प्रसंग वगळता विश्रांतीच्या वेळात त्यानेच संपर्क करू नये. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कर्मचारी कामाच्या वेळेबाहेर आलेला संदेश वाचायला किंवा उत्तर द्यायला नकार देऊ शकतो, जोवर तो नकार अवाजवी ठरत नाही. मला पोर्तुगालची रीत जास्त पटते. फोन न उचलण्याचं धैर्य कनिष्ठाने दाखवावं, यापेक्षा फोन न करण्याचं बंधन वरिष्ठावर असावं.

शरीराच्या बाजूला एक मोठा गैरसमज आहे, त्यावर बोललंच पाहिजे. सोमवार ते शुक्रवार पाच-साडेपाच तास झोपायचं आणि रविवारी दुपारपर्यंत अंथरुणात राहून ते भरून काढायचं, या हिशेबावर लाखो माणसं जगत आहेत. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली निरोगी तरुण माणसांना प्रयोगशाळेत ठेवून हे तपासलं. एका गटाची झोप सतत कमी ठेवली, दुसऱ्याला शनिवार-रविवारी हवं तेवढं झोपू दिलं आणि मग पुन्हा कमी झोपेवर आणलं. दोन दिवसांच्या भरपाईने चयापचयातला बिघाड टळला नाही. इन्सुलिनला शरीर जो प्रतिसाद देतं, तो दुसऱ्या गटातही घटला होता. त्याआधीच्या, २००३ सालच्या, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगात रोज सहा तासांवर चौदा दिवस ठेवलेल्या माणसांची एकाग्रता पूर्ण जागरण केलेल्या माणसांच्या पातळीपर्यंत खालावली होती. काळजीची गोष्ट ही, की आपण इतके मंदावलो आहोत हे त्या माणसांना जाणवत नव्हतं. आपल्याला सहा तास पुरतात असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटत असतं.

शिवाय उठण्याची वेळ दोन दिवस तीन-चार तासांनी पुढे ढकलली की शरीरातलं घड्याळ हलतं, आणि रविवारी रात्री झोप येत नाही. सोमवारची मरगळ बऱ्याच अंशी तिथून येते. व्यायामाचं मात्र इतकं कडक नाही, हे दिलासा देणारं आहे. ब्रिटनमधल्या सुमारे नव्वद हजार लोकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये दिसलं, की आठवड्याचा दीडशे मिनिटांचा व्यायाम मुख्यतः एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकारापासून जवळपास तेवढंच संरक्षण मिळतं, जेवढं तो रोज थोडा थोडा करणाऱ्यांना. चालणं सुट्टीवर टाकता येतं, झोप टाकता येत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष अनेकांना गैरसोयीचा आहे. शनिवार-रविवार कितीही छान घालवला तरी तो वाईट आठवड्याची दुरुस्ती करू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे आलेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली. त्यांतल्या पुष्कळांना साप्ताहिक सुट्टी होती, असं धरायला हरकत नाही. अधूनमधून कुणी बडा उद्योजक तरुणांना सत्तर किंवा नव्वद तास काम करण्याचं आवाहन करतो, तेव्हा ही संख्या त्याच्या पुढ्यात ठेवली पाहिजे. स्वतःच्या कंपनीसाठी, स्वतःच्या मर्जीने, घरातली सगळी कामं करायला माणसं हाताशी असताना राबणं वेगळं. तेच माप पगारदाराला लावता येत नाही.

घरातल्या कामांचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे थांबून पाहायला हवं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालाप्रमाणे जगात बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं बिनपगारी घरकाम आणि शुश्रूषा करतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. या कामाला रविवार नसतो. उलट सगळे घरी असतात म्हणून त्या दिवशी ते वाढतं. नवरा सुट्टीच्या दिवशी आराम करतो, मुलं उशिरा उठतात, चार माणसं गप्पांना येतात, आणि या सगळ्यांचा आराम एकीच्या उभ्या राहण्यावर चाललेला असतो. तीही पाच दिवस नोकरी करत असेल तर तिचा आठवडा सात दिवसांचा आहे, असंच म्हणायला हवं. यावर ‘मदत करतो की’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण काय करायचं, केव्हा, कशानंतर, हे लक्षात ठेवण्याचं ओझं मदत घेणारीच वाहत राहते. सोनेनटाग यांच्या मांडणीतला पहिला अनुभव, मन कामातून सुटणं, तिला कधी मिळतच नाही. रविवारचा अर्धा दिवस घराची पूर्ण जबाबदारी दुसऱ्याने घ्यायची आणि तिने घराबाहेर किंवा घरात कुठेही, बिनचौकशीचं असायचं, एवढं तरी प्रत्येक घरात ठरवता येण्यासारखं आहे.

राहिला प्रश्न रविवारी काम करावंच लागणाऱ्यांचा. दवाखाने, वीज, पाणी, आग विझवणारी दलं बंद ठेवता येत नाहीत, आणि कॉन्स्टन्टाइनच्या शेतकऱ्यासारखं त्यांना वगळावं लागणार. त्यांना दुसरे सलग दिवस, आधीपासून ठाऊक असलेले, मिळाले तर बरंच काही साधतं. पण या रांगेत आपण हळूहळू किती जणांना आणून उभं केलं आहे, हेही तपासायला हवं. रविवारी रात्री अकरा वाजता घरपोच येणाऱ्या वस्तूंपैकी सोमवारी सकाळी चालल्या नसत्या अशा किती? आपली विश्रांती आरामशीर व्हावी म्हणून त्या दिवशी जे माणूस दुचाकीवर धावत असतं, त्याला शब्बाथच्या यादीतल्या चाकराइतकंही संरक्षण नाही. ते ॲपवर ‘भागीदार’ म्हणून नोंदलेलं असतं, त्यामुळे त्याला साप्ताहिक सुट्टी द्यायला कुणी बांधील नसतं.

त्यांच्यातल्याच कुणाला विचारलं तर तो म्हणेल, सुट्टी नको, दिवस भरू दे. हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो खरा आहे. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला बिनपगारी सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा खाडा. त्याला विश्रांतीचं महत्त्व समजावून सांगणं हा त्याचा अपमान आहे, त्याचं अंग रोज रात्री ते त्याला सांगतच असतं. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांतीच्या हक्काला लागूनच कामाच्या तासांवरची वाजवी मर्यादा आणि पगारी सुट्ट्या लिहिलेल्या आहेत, त्या याच कारणाने. सहा दिवसांच्या मजुरीत सात दिवसांचं घर चाललं पाहिजे, हे मजुरीचा किमान दर ठरवतानाच गृहीत धरावं लागेल, आणि तो हिशेब ॲपवाल्या कंपन्यांनाही लागू करावा लागेल. तसं होईपर्यंत शनिवार-रविवार कसा घालवावा ही चर्चा निम्म्याहून अधिक कष्टकऱ्यांना वगळूनच चालू राहील.